अर्धा सूर खाली

आमिहामा, १२ मार्च १९९१

प्रिय ताई,

पत्राची सुरुवात हवेपासून करायची आपली रीत. तर हवा आहे. बंदरावरचं बर्फ वितळलं, खेकड्यांचा हंगाम संपत आला. झाली रीत.

फोन करणार होते, पण तुमचा फोन दुकानात, मिठाईच्या कपाटाशेजारी, आणि तुझ्या सासूबाईंचे कान त्याच्याही शेजारी. म्हणून पत्रच बरं.

आधी चांगली बातमी. नव्या गोळ्या सुरू करून साडेतीन आठवडे झाले आणि एकही फीट आलेली नाही. जानेवारीतल्या त्या पहिल्या गोळीने मी झिंगल्यासारखी चालत होते, अंगावर पुरळही आलं होतं. ही तशी नाही. दिवसाला तीन. झोप फार येते, जिना उतरताना कधीकधी एका पायरीच्या दोन दिसतात, पण मी खालची धरते. वरची धरली तरी चालतं म्हणा, दोन्ही सारख्याच खोट्या.

आता दुसरी बातमी. हसू नकोस. आपल्या गावात संध्याकाळी पाचला कर्ण्यावर जी धून लागते, पोरांनी घरी जावं म्हणून, ती गेल्या महिन्यात मला खाली लागली. अर्धा सूर खाली. मला वाटलं टेप सैल पडली असणार. दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी नगरकचेरीत गेले. तिथल्या नोसाका नावाच्या कारकुनाने उभं राहून ऐकून घेतलं, तीनदा कमरेत वाकला, म्हणाला, ‘बाई, तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच.’ आठवड्याने त्याने नवं यंत्र बसवलं. मला मुद्दाम बोलावून ऐकवलं. अर्धा सूर खाली.

मग शाळेत माझ्या गायनवर्गातला पियानो खाली गेला. मी पियानो जुळवणाऱ्या म्हातारबुवांना शहरातून बोलावलं. त्यांनी नादकाटा गुडघ्यावर आपटला, पट्टी दाबली, म्हणाले, चोख आहे. मी तो काटा त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या कानाशी धरला.

ताई, नादकाटाच मला खाली ऐकू आला. लोखंड तर सैल पडत नाही. तेव्हा कळलं की गाव ठीक आहे, मीच उतरले आहे. आठवून पाहिलं, गोळ्या सुरू केल्याच्या चौथ्या दिवसापासूनचं हे आहे.

नोसाकाला सांगायला हवं. पण काय सांगू?

तुझी फुमिए

---

कानाझावा, २१ मार्च १९९१

फुमिए,

हवाबिवा काही लिहीत नाही, दुकानात गर्दी आहे.

अर्धा सूर! अगं, अर्ध्या सुराने कुणी मेलंय का आजवर? लाकडाच्या वखारीत माणसांची बोटं जातात, ती नऊ बोटांनी भात खातात. तुझा अर्धा सूर गेला. उरलेले सगळे आहेत ना?

मी काय पाहिलंय ते तुला ठाऊक नाही. तू त्यात नसतेस. नववर्षाच्या सकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात किटली हातात घेऊन उभी होतीस, आणि एकदम तुझे डोळे कुठे तरी गेले. किटली माझ्या पायावर पडली, तू फरशीवर. तुझं डोकं मी मांडीवर घेतलं होतं आणि ते माझ्या मांडीवर आपटत होतं. चार मिनिटं. मी घड्याळ पाहत होते. पायाची कातडी सोलली होती हे मला नंतर कळलं. तेव्हा त्या गोळ्या सोडायचा विचारसुद्धा मनात आणायचा नाही. रोगापेक्षा औषध जालीम वगैरे मला ऐकवू नकोस.

आणि खरं सांगू? लहानपणी आई वाटीवर चमचा वाजवून विचारायची, कुठला सूर? तू पाळण्यातून उतरली नव्हतीस तरी बरोबर सांगायचीस. मी नऊ वर्षांनी मोठी, मला कधी जमलं नाही. आईने तुला कान दिला आणि मला ती वाटी घासायला दिली. म्हणून मला हे दुःख फारसं समजत नसेल. नसू दे.

आता महत्त्वाचं. चिनात्सुला स्थळ आलंय. मुलगा बंदर खात्यात इंजिनियर, घर जुनं, माणसं फार सरळ. मध्यस्थ बाई म्हणाल्या, ते लोक चौकशी करतील. माहेरच्या गावापर्यंत करतील. तर त्या गोळ्यांची पिशवी, जिच्यावर तुझं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, ती टेबलावर ठेवत जाऊ नकोस. शाळेत कुणाला सांगितलं नाहीस ना? सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

भात नीट खा.

हिसानो

---

आमिहामा, ९ मे १९९१

प्रिय ताई,

पिशवी आता तांदळाच्या डब्यात असते. इवाने काकू मासळी द्यायला घरात शिरतात, पण तांदळाच्या डब्यात अजून हात घालत नाहीत.

तुझ्या पायाचं मला कुणी सांगितलं नव्हतं. तू मोजे घालून निरोप द्यायला आली होतीस. मला वाटलं, थंडी आहे.

डॉक्टरांना सुराचं विचारलं. त्यांनी बराच वेळ कागद चाळले आणि म्हणाले की असं कुठे तरी एकदा वाचलंय. म्हणाले, ‘हे लाखातल्या एखाद्यालाच कळत असेल. बाकीच्यांचा सूर उतरला तरी त्यांना पत्ता लागत नाही. तुमचा कान वाईट नाही, फार चांगला आहे, म्हणून त्रास.’ मी म्हटलं, गोळी बदला. ते म्हणाले, बदलता येईल, पण पहिलीने काय झालं आठवतंय ना? ही लागू पडलीये. लागू पडलेली गोळी सहसा कुणी सोडत नाही. तीन महिने फीट नाही हे त्यांनी माझ्यासमोर तीनदा लिहून काढलं.

आणि ते खरं आहे, ताई. मी खोटं बोलणार नाही. मी आता न्हाणीघराचं दार आतून लावून गरम पाण्यात बसते. हिवाळाभर इवाने काकूंना काहीतरी निमित्त सांगून बाहेर बसवून ठेवत होते. कढईत तेल तापवते. धक्क्याच्या अगदी टोकापर्यंत चालत जाते. सकाळी उठल्यावर जीभ चावलेली नसते. ही सुखं किती मोठी असतात ते ज्याची गेली त्यालाच ठाऊक.

पण रोज सकाळी मी शाळेत पियानोशी बसते, लहानपणापासून हाताला पाठ असलेलं काही वाजवते, आणि बोटं एक सांगतात, कान दुसरं. बोटं म्हणतात घरी आलो. कान म्हणतात हे शेजाऱ्याचं घर. पाच मिनिटांत मी झाकण लावते.

गायनवर्गाचं सांगते. ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याची समूहगान स्पर्धा आहे. तुला माहीत आहे आमच्या शाळेची ख्याती. बाकीच्या शाळा पियानोवरून पहिला सूर घेतात. आमच्या मुली रंगमंचावर उभ्या राहतात, मी त्यांच्यासमोर जाते, आणि माझ्या गळ्यातून सूर देते. चौदा वर्षं. परीक्षक नादकाटा काढून तपासायचे, आता तपासतही नाहीत. बत्तीस मुली आहेत यंदा. उराबे नावाची शेवटच्या वर्षातली एक आहे, खलाशाची मुलगी, तिला माझ्यासारखाच कान आहे. मी सूर दिला की ती किंचित मान हलवते. तिला वाटतं मला दिसत नाही.

सध्या मी युक्ती करते. डोक्यात जो सूर खरा वाटतो त्याच्या अर्धा खाली गाते. मला तो बेसूर वाटतो आणि उराबे मान हलवते. म्हणजे बरोबर. चौदा वर्षं खरं बोलणाऱ्या माणसाला रोज मोजूनमापून खोटं बोलायला लावावं, आणि ते खोटंच खरं असावं, असं काहीसं आहे.

तुझी फुमिए

---

कानाझावा, २ जून १९९१

फुमिए,

सोबत छोटी डबी आहे. त्यात सूर देणारी शिट्टी आहे. वाद्यांच्या दुकानातला मुलगा म्हणाला, यात फुंकलं की बरोबर तोच सूर निघतो, ताप आला तरी, भूकंप झाला तरी. ती खिशात ठेव आणि विषय संपव. इतकी सोपी गोष्ट तुझ्या त्या कानवाल्या डोक्यात आली नाही याचंच नवल.

चिनात्सु आणि तो मुलगा दोनदा भेटले. पोरगी स्वयंपाकघरात गुणगुणते. पंचवीस वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं, ती माझ्यावर गेलीये.

म्हणून आता मी तुला एक मागते, आणि मोठी बहीण म्हणून मागते. चौकशीला माणूस निघालाय. या महिन्यात नाहीतर पुढच्या. या दिवसांत तू रस्त्यात पडलीस, शाळेत पडलीस, तर संपलं. ‘मावशीला फेफरं आहे’ एवढं एक वाक्य पुरतं. मग लोक म्हणणार, आईच्या रक्तात आहे, पोरीच्या रक्तात असेल, नातवंडांत उतरेल. तू डॉक्टरांना सांगून गोळी वाढवून घे. एक जास्त. खबरदारी म्हणून. लग्न होईपर्यंत.

तू नाही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून मागायला लाज वाटते. तरी मागते.

हिसानो

---

आमिहामा, १४ जुलै १९९१

प्रिय ताई,

चार घेते. डॉक्टरांनी विचारलं, फीट नाही तर वाढवायची कशाला? मी म्हटलं, भाचीचं लग्न आहे. ते हसले. मी हसले नाही. पुष्कळ वेळ नाही म्हणाले, शेवटी तात्पुरती दिली.

तुझी चौकशीवाली बाई येऊन गेली. छत्री घेऊन, पांढरे हातमोजे घालून. इवाने काकूंच्या दुकानात तिने दोन सुके मासे घेतले आणि म्हणाली, वरच्या गल्लीतल्या संगीताच्या बाई अगदी ठणठणीत असतील ना? काकू म्हणाल्या, ‘ठणठणीत? अहो, आमच्या बाईंना जन्मात कधी सर्दी झाली नाही!’ मग ती तांदूळवाल्याकडे गेली. तो म्हणाला, सर्दी सोडा, बाईंना कधी शिंकताना पाहिलं नाही. न्हाव्यानेही तेच सांगितलं. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, ताई. कुणी काही विचारलंही नव्हतं. मला वाटत होतं की कुणाला माहीतच नाही. म्हणजे गल्लीला सगळं ठाऊक आहे, आणि त्यांनी आपापसात ठरवून घेतलंय. मी दार लावून खूप रडले.

शिट्टी पोचली. तीसुद्धा मला खालीच ऐकू येते, पण मी तिच्याशी गळा जुळवते आणि मुलींना सूर मिळतो. तू म्हणतेस तसा विषय संपला. मुली आता माझ्याकडे बघत नाहीत, शिट्टीकडे बघतात. उराबे मान हलवत नाही. शिट्टी कधी चुकत नसते, मान कशाला हलवायची?

चौथ्या गोळीने मी शिक्षकांच्या सभेत झोपले. एका मुलीला तिच्या मोठ्या बहिणीच्या नावाने हाक मारली, ती बहीण दोन वर्षांमागे बुडाली होती. ती पोर उठून ‘हजर’ म्हणाली.

तुझी फुमिए

---

कानाझावा, ५ सप्टेंबर १९९१

फुमिए,

ठरलं! काल भेटवस्तू आल्या, दोरे बांधलेल्या, सगळ्या नियमाप्रमाणे. लग्न १७ नोव्हेंबरला. मुलाच्या आईने स्वतःहून तुझं नाव काढलं. म्हणाल्या, मावशी संगीत शिकवतात ना, त्यांचं गाणं झालं पाहिजे.

बघ, एका गोळीने केवढं काम केलं. तुझं ऋण मी विसरणार नाही. आता दोनच महिने, तशीच सांभाळ. गाणं छोटंच निवड.

हिसानो

---

आमिहामा, २७ ऑक्टोबर १९९१

प्रिय ताई,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

तुझं सप्टेंबरचं पत्र आलं त्या दिवशी मी एक गोळी कमी केली. मला वाटलं, ठरलं ना आता, माझं काम झालं. पुढच्या आठवड्यात अजून एक. डॉक्टरांना सांगितलं नाही. महिन्याच्या शेवटी एकही घेत नव्हते. मला माफ कर असं लिहिणार होते, पण तेव्हाचं सुख तुला आधी सांगते. एका सकाळी बशी धुताना ती नळाला लागली आणि तिचा सूर मला कळला. मोजावा लागला नाही. मी ओल्या हातांनी शाळेत पळाले, पियानो उघडला, आणि दोन तास वाजवत बसले. पहिल्या तासाच्या मुली दारात उभ्या होत्या, आत यायला घाबरत होत्या.

तीन आठवडे मी माझी होते. शिट्टी पर्समध्ये टाकून ठेवली. गळ्यातून सूर दिला, उराबेने मान हलवली. मुली अशा गायच्या की मुख्याध्यापक जिन्यात येऊन थांबायचे. मला वाटलं, स्पर्धा झाली की परत गोळ्या सुरू करू, लग्नाला चार आठवडे राहतात, तेवढ्यात सगळं जाग्यावर येईल. दोन्ही जमेल असं वाटलं मला.

स्पर्धा गेल्या रविवारी होती. बसमध्ये मला जळक्या दोरीचा वास आला. तुला माहीत नसेल, फीट यायच्या आधी मला हा वास येतो. फीट आली नाही, वास आला आणि गेला. पण रंगमंचावर, बत्तीस मुलींसमोर, हजार माणसांसमोर आडवी पडले तर? मी पर्समधून दोन गोळ्या काढल्या आणि पाण्याशिवाय गिळल्या.

आमचा क्रमांक अकरावा होता, त्याला अडीच तास लागले. तोवर कान कुठे होता हे मला ठाऊक नाही. थोडा उतरला होता, की पूर्ण, की अजून शाबूत? पर्समध्ये शिट्टी होती, ताई. तुझी. मी तिला हात लावला आणि सोडून दिली. चौदा वर्षं गळ्यातून सूर दिला त्या ठिकाणी मला शिट्टी फुंकायची नव्हती. एवढंच. यात औषधाचा दोष नाही.

मी पुढे गेले. सूर दिला. मला तो चोख लागला, मोत्यासारखा. मी उराबेकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली, डोळे मोठे करून.

कान उतरलेलाच होता, म्हणजे मला चोख लागलेला तो सूर खरा अर्धा वर होता. अर्ध्याहून थोडा जास्तच, असं नंतर परीक्षक म्हणाले.

आणि आता ऐक. ते गाणं त्या मुलींनी सहा महिने रोज गायलं होतं. त्यांच्या गळ्यांना जागा पाठ होती. निदान दहाजणींना कळलं असणार, उराबेला तर नक्कीच. त्यातल्या एकीने जरी आपल्या नेहमीच्या जागेवरून सुरुवात केली असती तरी बाकीच्या तिच्यामागे आल्या असत्या. पण बाईंनी सूर दिला होता. बाईंनी दिलेला सूर कोण खोडणार? बत्तीसच्या बत्तीस जणींनी तो घेतला, एकसाथ, इतका नेमका की वाटावं असंच ठरलं होतं. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्या कडव्यात गाणं वर चढतं. तिथे आधीच त्यांच्या गळ्याची शेवटची पायरी होती. मी हात वर नेत होते आणि त्या माझ्या हातामागे येत होत्या. आधी दोघी फुटल्या, मग पाच-सहा, मग सगळी वरची रांग. उराबेच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. कुणी थांबलं नाही. मी थांबवलं नाही, कारण माझ्या कानाला सूर बरोबर होता, मला कळेना की त्या किंचाळतायत का.

आम्ही शेवटून पहिल्या.

बाहेर बसजवळ सगळ्या मुली रांगेत उभ्या राहिल्या, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, आमचा गळ्याचा सराव कमी पडला. आम्हाला माफ करा.’ उराबे सगळ्यात जास्त वेळ वाकून होती. मला वाटलं, हिने तरी सांगावं, बाई, तुम्ही चुकलात. एका शब्दाने सांगितलं असतं तर मी तिचे पाय धरले असते. ती म्हणाली, ‘मी घरी रोज एक तास जास्त करीन.’

गोळ्या परत सुरू केल्यात, चारही. चिनात्सुच्या लग्नाला येईन, कोपऱ्यात बसेन. गाणार मात्र नाही. तेवढं मागू नकोस.

फुमिए

---

कानाझावा, ३ नोव्हेंबर १९९१

फुमिए,

तुझं पत्र मी न्हाणीघरात वाचलं, कारण घरात दुसरी जागा नाही.

मुलींचं वाचून मला वाईट वाटलं. पण मला त्याहून जास्त भीती वाटली, आणि ते लपवून उपयोग नाही. महिनाभर तू गोळ्याच घेत नव्हतीस! आणि मी इथे सगळ्यांना तुझ्या गाण्याचं सांगत होते. परत सुरू केल्यास म्हणतेस, पण अंगात किती मुरल्या, किती नाही, कोण सांगणार? तुझ्या भाऊजींना विचारलं. त्यांनी पाहुण्यांची यादी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

तू येऊ नकोस. थंडी-ताप आला म्हणून कळव, एक तार कर, मी ती वाचून दाखवीन. दोन तासांचा समारंभ आहे, शंभर माणसं, दिव्यांचा लखलखाट. तिथे तू पडलीस तर चिनात्सु आयुष्यभर तेच आठवत राहील. मी घड्याळात मोजलेली ती चार मिनिटं मला पुन्हा नकोत, आणि तिच्या लग्नात तर नकोतच.

मी वाईट बहीण आहे असं तू म्हणशील. म्हण. चिनात्सुला मी सांगितलेलं नाही.

हिसानो

---

कानाझावा, २४ नोव्हेंबर १९९१

फुमिए,

तुझी तार मिळाली. ‘थंडी आहे. अभिनंदन.’ मी वाचून दाखवली.

आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तुझ्या मुख्याध्यापकांचा फोन दुकानात आला. मुलाची आई आभाराची मिठाई घेऊन आली होती, ती समोर उभी. सासूबाईंनी फोन घेतला आणि ऐकलेलं सगळं मोठ्याने परत म्हणत गेल्या. ‘सकाळच्या सभेत? सगळ्या शाळेसमोर? व्यासपीठावरून खाली? खांद्याचं हाड? दोनदा आली?’ मी कपाट धरून उभी होते.

मुलाची आई काय म्हणाली ते सांगते. म्हणाली, ‘आम्हाला जुलैपासून ठाऊक आहे. आमच्या बाईने येऊन सांगितलं की त्या गल्लीत झाडून सगळे एकच वाक्य बोलतात, कधी सर्दी झाली नाही म्हणून. इतकं निरोगी माणूस जगात नसतं, म्हणजे काहीतरी आहे. तिने पुढे विचारलं आणि तिला कळलं. मुलगा म्हणाला, मी लग्न मावशीच्या डोक्याशी करतोय का? आम्हाला वाटलं, तुम्ही कधीतरी स्वतः सांगाल. म्हणून तर त्यांच्या गाण्याचं नाव काढलं होतं.’

फुमिए, त्यांनी तुझ्यासाठी खुर्ची राखली होती. लग्नात माझ्या शेजारी ती रिकामी होती आणि मी तिच्यावर पर्स ठेवली होती.

चिनात्सु माझ्याशी बोलत नाही. मी इस्पितळात यायला निघाले तर तू इवाने काकूंकरवी नको म्हणून कळवलंस. मी तरी येऊ का? दोन ओळी लिही. शिव्या लिही.

ताई

---

आमिहामा, १५ मार्च १९९२

प्रिय ताई,

चार महिने लिहिलं नाही, कारण उजवा खांदा. तो डिसेंबरातच जुळला होता, पण कारण तेच सांगते.

तू येऊ नको लिहिलंस त्या दिवसापासून मी गोळ्या घेतल्या नाहीत. मला वाटलं, आता कुणासाठी घ्यायच्या? हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. थोडं टोचावं म्हणूनही लिहितेय. पण पडले मी, चूक माझी.

आता चार महिने रोज घेते. न चुकता, सकाळी दोन, रात्री दोन. पिशवी टेबलावर असते. एकही फीट नाही. डॉक्टर खूश आहेत. गावाला आता सगळं उघड ठाऊक आहे, म्हणून गाव भयंकर चांगलं वागतं. इवाने काकू मला मासळीची पिशवी उचलू देत नाहीत. मी न्हाणीघरात गेले की शेजारीण भिंतीपलीकडून दर पाच मिनिटांनी खाकरते आणि मी खाकरून उत्तर देते. नोसाका रस्त्यात भेटला, मी त्याला शेवटी सांगून टाकलं की कर्ण्यात बिघाड नव्हता. तो म्हणाला, ‘बाई, आम्हाला माहीत होतं. यंत्र जुनं झालंच होतं.’

मुख्याध्यापकांनी मला ग्रंथालयात बसवलंय. पगार तोच. गायनवर्ग एका तरुण मास्तरांकडे गेला, ते पियानोवरून सूर देतात, मुलगा चांगला आहे. मी घरातला पियानो विकला. रेडिओ लावत नाही. लोक म्हणतात, अर्ध्या सुराची सवय होत नाही का हो? सवय झाली असती तर बरं झालं असतं. सवय होत नाही, ताई. रोज नव्याने खाली ऐकू येतं. आणि सोडायच्या म्हटलं तर आता ती व्यासपीठाची फळी आठवते, आणि खाली पहिल्या रांगेत बसलेल्या लहान पोरांचे चेहरे. ती पोरं रडत होती म्हणे. मी त्यात नव्हते. तुझी चार मिनिटं मला आता समजली.

परवा निरोप समारंभ झाला. शेवटच्या वर्षाच्या मुली निरोपाचं गाणं म्हणतात. मास्तर पियानोशी बसायला निघाले तेव्हा उराबे त्यांच्यासमोर वाकून काहीतरी म्हणाली. ते परत जाग्यावर जाऊन बसले. ती मुलींच्या समोर आली, पाठ ताठ केली, आणि गळ्यातून सूर दिला.

तो मला अर्धा सूर खाली लागला. म्हणजे बरोबर असणार. पण ती घाबरून थोडी घसरली असती तर मला कळलं असतं का? वर गेली असती तर मला तो चोख वाटला असता, त्या दिवशीसारखा. मी मोजत बसले, मोजता मोजता पहिलं कडवं संपलं. मुलींनी काय गायलं ते मी ऐकलंच नाही. ती मान वळवून माझ्याकडे बघत होती, ताई. मी जशी तिच्या मानेकडे बघायचे तशी. मी मान हलवली. खरं की खोटं हे माहीत नसताना हलवली, कारण तिला हवी होती.

शेजारी शाळेचे म्हातारे शिपाई बसले होते. मी हळूच विचारलं, ‘बरोबर लागला का हो?’

ते म्हणाले, ‘बाई, ते तुम्हीच सांगायचं. आम्हाला काय कळतंय त्यातलं?’

मी म्हटलं, ‘बरोबर आहे.’

‘मग झालं तर,’ ते म्हणाले आणि डोळे पुसायला लागले.

चिनात्सुला सांग, खुर्चीचं मनात ठेवू नकोस. तू ये. एप्रिलमध्ये ये.

फुमिए